खोटी कुस्ती, खरा मार

(मेळाव्यातील ‘आपले छंद, आपले संकोच’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

चळवळीत सांगायला ज्याचा संकोच वाटतो असा आपला एक छंद प्रत्येकीने सांगायचा, असं या सत्रात ठरलं आहे. माझ्या आधी दोघी बोलल्या. एकीने सासू-सुनांच्या मालिकांचं वेड सांगितलं, दुसरीने सोन्याची हौस. आपण हसलो आणि त्यांना समजूनही घेतलं. माझं ऐकल्यावरही तुम्ही तितक्याच समजूतदार राहाल, अशी आशा धरून बोलते.

मी वयाच्या नवव्या वर्षापासून टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती बघते. जिला आधी डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणत आणि २००२ पासून डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात, ती. अंडरटेकर, स्टोन कोल्ड, रॉक यांची. तेल चोपडलेले, तोकड्या चड्ड्या घातलेले पुरुष एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालतात, तीच. आज मी छत्तीस वर्षांची आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून, म्हणजे बारा-तेरा वर्षं, एका सल्ला केंद्रात कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघते. दिवसभर मारहाणीच्या कहाण्या ऐकायच्या आणि रात्री ताट घेऊन मारामारी बघत बसायचं, हा काय प्रकार आहे, असं मला सहकारी मैत्रिणी विचारतात. हा प्रश्न मीही स्वतःला अनेकदा विचारला आहे. आज त्याचं उत्तर तुमच्यासमोर शोधून बघते. वकिली करायची नाही, पण माफीही मागायची नाही, एवढंच ठरवून आले आहे.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे कुस्ती म्हणजे नुसता खेळ नाही, ती गावाची अब्रू असते. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं मैदान १९१२ सालचं. माझे आजोबा तिथल्या जुन्या कुस्त्या जेवताना डाव-डाव करून सांगायचे. माझा चुलतभाऊ पहाटे तालमीत जायचा. त्याच्या थंडाईचे बदाम मी वाटायची आणि प्यायचा तो. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईने पाय टाकायचा नाही, हे मला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही, ते हवेतच होतं. आमच्या घरातली एकही बाई कधी मैदानाला गेल्याचं मला आठवत नाही. लाल मातीचा वास मला ठाऊक होता तो भावाचे लंगोट आणि कपडे धुताना आई नाक मुरडायची म्हणून.

मग घरात केबल आली. टीव्हीला उंबरा नसतो. १९९८ च्या सुमारास मी पहिल्यांदा अंडरटेकर बघितला आणि चक्क हरखून गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने मिक फोली नावाच्या पैलवानाला सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर फेकलं होतं. ते दृश्य पुढे किती वेळा दाखवलं गेलं आणि मी किती वेळा बघितलं, याला गणती नाही.

आजोबा म्हणायचे, “आगं, ही नुरा हाय. ठरवून लढत्यात. खोटं हाय सगळं.” नुरा म्हणजे आधी निकाल ठरवून लढलेली कुस्ती. कोल्हापुरात पैलवानाला याहून मोठी शिवी नाही. आजोबांना वाटलं, खोटं आहे हे कळल्यावर पोरीचा नाद सुटेल. सुटला नाही. दहाव्या वर्षीही मला ठाऊक होतं की कोण जिंकणार हे कुणीतरी आधी लिहून ठेवतं. नाटकात मेलेला माणूस शेवटी उठून नमस्कार करतो, म्हणून आपण नाटकात रडायचं थांबतो का? निकाल खोटा होता, पण राग, अपमान, सूड, मैत्री, दगा हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या घरात मुलीने आवाज चढवायचा नसे. इथे माणसं माइक हातात घेऊन वीस हजार लोकांसमोर ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हणून ओरडत. मला पैलवानांच्या दंडांपेक्षा त्याचीच जास्त भूल पडली असावी, असं आता वाटतं.

तेव्हा पैलवानांच्या फोटोंचे पत्ते मिळायचे. उंची, वजन, छाती, दंड असे आकडे त्यावर छापलेले. गल्लीतल्या पोरांबरोबर मी ते खेळायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. माझ्या गठ्ठ्यात एकही बाई नव्हती. हे माझ्या लक्षात आलं ते चायना बघितल्यावर.

चायना म्हणजे जोनी लॉरर. रुंद खांदे, पिळदार दंड, पुरुषांच्या बरोबरीने उभी राहणारी. जानेवारी १९९९ मध्ये तीस जणांच्या ‘रॉयल रंबल’ सामन्यात उतरलेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला तिची लढत जेफ जॅरेटशी लावली. बायकांची जागा स्वयंपाकघरात, असं बडबडत फिरणारा माणूस अशी त्याची भूमिका होती. म्हणून लढतीची अटच अशी की हत्यारं घरातलीच वापरायची. इस्त्रीचं टेबल, भांडीकुंडी, अंडी, केक, काय काय होतं. जॅरेटने तिला विजेतेपदाचा पट्टा मारून चीत केलं, तर पंचाने निकाल रद्द केला, कारण पट्टा ही घरातली वस्तू नव्हे! मग चायनाने त्याच्या डोक्यात गिटार घातली आणि सामना जिंकला. पुरुषांसाठीचा तो ‘इंटरकॉन्टिनेंटल’ किताब मिळवणारी ती पहिली स्त्री. गिटार ही घरातली वस्तू कशी, हे मात्र पंचाने विचारलं नाही. मी बदाम वाटायचा वरवंटा हातात घेऊन आरशासमोर उभी राहिले होते, हे आज पहिल्यांदा कबूल करते.

पण मैत्रिणींनो, हीच कंपनी त्याच काळात दुसरंही दाखवत होती. दोन बायकांनी लढायचं आणि एकीने दुसरीचे कपडे फाडून तिला अंतर्वस्त्रांवर आणलं की ती जिंकली, असे सामने असत. समोर काका बसलेले, भाऊ बसलेला, आणि मी. मी उठून पाणी प्यायला जायची. ज्या पडद्यावर मला चायना भेटली, त्याच पडद्याने मला सांगितलं की तुझं शरीर हा शेवटी गंमतीचा माल आहे. हे दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकाच संध्याकाळी खरं होतं. ६ डिसेंबर २००४ ला लिटा आणि ट्रिश स्ट्रॅटस या दोघींची लढत कार्यक्रमाची शेवटची, म्हणजे मानाची लढत म्हणून झाली. कपडे फाडायचे नव्हते, किताबासाठी लढायचं होतं. लिटाने वरच्या दोरावरून घेतलेली उडी बघून मी पंधराव्या वर्षी रडले. आई म्हणाली, “खोट्या मारामारीला काय रडतीस?”

खोटं. हा शब्द माझ्या या छंदाला जन्मापासून चिकटलेला आहे. म्हणून त्याच्याबद्दलच थोडं बोलते.

यात खोटं काय आणि खरं काय? निकाल ठरलेला असतो. वैर रचलेलं असतं. पण खाली पडणं खरं असतं. त्या रिंगणात लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या असतात, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. त्यावर पाठीवर कसं पडायचं, हे शिकायला महिनोन्‌महिने लागतात. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, हात पसरून थापटायचे म्हणजे धक्का अंगभर वाटला जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मारणाऱ्याचं पहिलं काम मार खाणाऱ्याला सांभाळणं हे असतं. एकीने दुसरीला डोक्यावर उचललेलं दिसतं, तेव्हा उचललेली स्वतःही उडी घेऊन मदत करते. एक दुसरीला केसाला धरून फेकते, तेव्हा फेकली जाणारी समोरचीचा हात आपल्या दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवते, म्हणजे ओढ केसांवर येत नाही. पंच मधूनमधून खाली वाकून हळूच विचारतो, ठीक आहेस ना? खरोखरच इजा झाली तर तो डोक्यावर हातांची फुली करतो आणि डॉक्टर धावत येतात. एखादीला पकड सोसवली नाही तर तिने जमिनीवर हात थापटायचा. थापटलं की सुटका. मग समोरची कितीही मोठी खलनायिका असो, तिने सोडायचंच.

संमती, काळजी, आणि ‘बस’ म्हटल्यावर थांबणं. हे मी कुठल्या कार्यशाळेतलं सांगत नाही, या ‘खोट्या’ कुस्तीतलं सांगते आहे.

आता माझ्या टेबलासमोर येते.

एक बाई आमच्याकडे यायची. तिची ओळख पटेल असं काही सांगत नाही. पहिल्या खेपेला तिच्या गालावर पावडरचा थर होता. काय झालं विचारलं तर म्हणाली, “दारावर आपटले, ताई. तेवढं काही लागलं नाही.” दुसऱ्या खेपेला मनगट सुजलेलं. “नळावर पाय घसरला.” तिसऱ्या खेपेला ती बोलली. सासूला बोलावलं तर सासूचं वाक्य तयार होतं, “नाटकं हायती सगळी. कांगावा करती.” नवरा म्हणाला, “घर म्हटलं की थोडं इकडंतिकडं व्हायचंच.” ज्या कचेरीत तिने तक्रार नेली, तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, “खरंच मारलं का, का उगं आपलं?”

त्या रात्री मी नेहमीप्रमाणे टीव्ही लावला आणि एकदम मला काहीतरी दिसलं. कुस्तीतले लोक एका कलेला ‘सेलिंग’ म्हणतात. म्हणजे, लागलं थोडं तरी खूप लागल्यासारखं दाखवायचं, म्हणजे समोरच्याचा मार खरा वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या बायका याच्या बरोबर उलटी कला आयुष्यभर करतात. लागलं खूप, दाखवायचं काहीच नाही. पावडर लावायची, बाह्या लांब शिवायच्या, दाराला आणि नळाला दोष द्यायचा. आणि नुसत्या त्याच नव्हेत. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी आवाज ऐकलेला असतो, दुकानदाराने गाल बघितलेला असतो, माहेरच्यांना सगळं ठाऊक असतं. सगळे मिळून ‘काही झालंच नाही’ असं खेळत राहतात. आजोबा ज्याला नुरा म्हणायचे ना, ती खरी नुरा ही आहे. इथे सगळं ठरलेलं आहे, निकालसुद्धा. फक्त इथे हात थापटला तरी कुणी सोडत नाही आणि फुली करणारा पंच नाही.

गंमत बघा. जिथे मार खोटा आहे तिथे लोक पैसे देऊन विश्वास ठेवतात, आणि जिथे मार खरा आहे तिथे बाईलाच विचारतात, नाटक तर नाही ना?

हा प्रश्न बाईला विचारायची रीत जुनी आहे, आणि तो आमच्याच मातीत, कुस्तीतच विचारला गेलेला आहे. हमीदा बानूचं नाव तुमच्यापैकी काहींनी २०२४ च्या मे महिन्यात गूगलवर तिचं चित्र आलं तेव्हा वाचलं असेल. उत्तर प्रदेशातून आलेली, १९४० आणि ५० च्या दशकांत गाजलेली पैलवान. ‘मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन’ असं तिने १९५४ साली जाहीर आव्हान दिलं होतं. त्या वर्षी बडोद्यात तिने बाबा पैलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत हरवलं. आमच्या कोल्हापुरात तिने एका पुरुष पैलवानाला हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी तिच्यावर दगड फेकले आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती कुस्ती-संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आलं की, बंदी ती स्त्री आहे म्हणून नाही, तर तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. म्हणजे नुरा! त्या काळात मुंबईत ठरवलेल्या कुस्त्यांचे खेळ पुरुषांचेही होत होते आणि तुडुंब भरत होते. पण संशयाचं बोट नेमकं बाईकडे वळलं.

आणि पुढचं ऐका. हमीदाला युरोपात लढायला जायचं होतं. तिच्या नातवाने सांगितलं आहे की, ती जाऊ नये म्हणून ज्याच्याबरोबर ती राहत होती त्या तिच्या उस्तादाने, सलाम पैलवानाने, तिला काठ्यांनी मारून तिचे हात मोडले. पुरुषांना मैदानात लोळवणारी बाई घरात मार खात होती. पुढची वर्षं तिने आपल्या कल्याणमध्ये दूध विकून काढली. १९८६ साली ती वारली. मैदानातल्या तिच्या कुस्त्या खऱ्या की खोट्या, यावर तेव्हा वर्तमानपत्रांत वाद झाले. घरातल्या मारावर कुणी वाद घातला नाही, कारण तो कुणी बघितलाच नव्हता.

ही गोष्ट मला आणखी एका गोष्टीकडे नेते. माझ्या छंदातलं हे सगळ्यात अवघड पान आहे.

ख्रिस बेन्वा नावाचा कॅनडाचा पैलवान होता. बोलायला साधा, लढायला अव्वल. माझा आवडता. मार्च २००४ मध्ये त्याने सर्वोच्च किताब जिंकला तेव्हा मी वहीत तारीख लिहून ठेवली होती. जून २००७ मध्ये तो, त्याची बायको आणि सात वर्षांचा मुलगा घरात मृतावस्थेत सापडल्याची बातमी आली. २५ जूनला कंपनीने आपला नेहमीचा कार्यक्रम रद्द करून त्याच्या आठवणींचा तीन तासांचा कार्यक्रम केला. मीही रडले. नंतर कळलं की त्यानेच बायकोला आणि मुलाला मारलं आणि मग स्वतः जीव दिला. कंपनीने एका दिवसात त्याचं नाव पुसलं.

मी अठरा वर्षांची होते. पुढचे कित्येक महिने चाहत्यांत आणि बातम्यांत चर्चा होती ती उत्तेजक औषधांची, आणि डोक्यावर सतत बसलेल्या आघातांची. तपासणीत त्याचा मेंदू खूपच निकामी झालेला आढळला होता. ते महत्त्वाचं आहेच. पैलवानांच्या डोक्यावर खुर्ची मारणं पुढे बंद झालं ते अशाच अभ्यासांमुळे. पण आम्ही चाहते तासन्‌तास वाद घालत होतो तो प्रश्न होता, आता त्याच्या जुन्या लढती बघायच्या की नाही?

नोकरीला लागल्यावर, बऱ्याच वर्षांनी, मी त्या बाईबद्दल वाचायला बसले. तिचं नाव नॅन्सी. तीही याच धंद्यातली, पैलवानांची व्यवस्थापक म्हणून रिंगणाजवळ उभी राहणारी. तिचं रंगमंचावरचं नाव काय होतं, ठाऊक आहे? ‘वूमन’. नुसतं बाई. आणि २००३ साली, म्हणजे खुनाच्या चार वर्षं आधी, तिने नवऱ्याच्या क्रूर वागणुकीचं कारण देऊन घटस्फोटाचा आणि त्याच्यापासून संरक्षणाचा अर्ज केला होता. काही महिन्यांनी तिने तो मागे घेतला.

मैत्रिणींनो, अर्ज मागे घेणं. आपल्यापैकी कुणाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या कपाटांत अशा फायली आहेत. मी ज्या मार्चमध्ये वहीत तारीख लिहीत होते, त्याच्या आदल्या वर्षी ती हात थापटून गेली होती. मला ते दिसणं शक्यच नव्हतं, मी एका शहरात शाळेत होते आणि ती अमेरिकेत. पण पुढे माहिती उघड झाल्यावरही मी किती वर्षं फक्त त्याच्याबद्दलच वाचत राहिले, हे मला बोचतं. त्यानंतर मी एक नियम केला. मागे घेतलेल्या अर्जाची फाइल बंद करायची नाही. महिन्याने एक फेरी, आणखी दोन महिन्यांनी एक फेरी. ‘तुमचं मिटलं, आता आमचं काय काम’ असं म्हणायचं नाही. मागे घेतलेला अर्ज हा खोटा ठरलेला अर्ज नसतो.

मग तुम्ही विचाराल, इतकं समजल्यावर बघणं सोडून का दिलं नाहीस?

प्रामाणिकपणे सांगते, मी दोनदा सोडलं आणि दोनदा परत आले. त्या धंद्याच्या मालकांबद्दल मला कसलाही भ्रम नाही. पैलवान त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं लढतात, पण कागदावर ते कर्मचारी नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. आपल्याकडच्या कंत्राटी कामगार बायकांना हे तंत्र नवीन नाही. २५ नोव्हेंबर १९८५ ला वेंडी रिक्टर ही विजेती मोबदल्यावरून कंपनीशी भांडत होती, तर तिच्यासमोर मुखवटा घालून दुसरीच बाई उभी केली, पंचाने तिला न कळवता झटपट तीन मोजले आणि किताब काढून घेतला. मजुरी मागणाऱ्या बाईला कसं हटवायचं, हे सगळीकडे सारखंच. आणि कंपनीचे अनेक वर्षांचे सर्वेसर्वा विन्स मॅकमहन यांच्यावर जानेवारी २०२४ मध्ये एका माजी कर्मचारी स्त्रीने लैंगिक अत्याचाराचा दावा दाखल केला. त्यांनी आरोप नाकारले, पण दुसऱ्याच दिवशी पद सोडलं.

आणि ज्या कुस्तीला आपण खरी म्हणतो तिथे तरी काय? २०२३ साली आपल्या ऑलिंपिक पातळीच्या पैलवान मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा ‘हे नाटक आहे’ असं म्हणणारे कमी नव्हते. पुन्हा तोच शब्द.

मी परत आले ते दुसऱ्या बाजूमुळे. प्रेक्षक म्हणजे नुसता गिऱ्हाईक नसतो, हे मी इथेच शिकले. फेब्रुवारी २०१५ मध्ये चार बायकांची लढत कंपनीने जेमतेम तीस सेकंदांत उरकली. त्या रात्री जगभरच्या चाहत्यांनी इतका गदारोळ केला की मालकांना दखल घ्यावी लागली. २०१६ मध्ये बायकांच्या किताबाला दिलेलं ‘दिवा’ हे नटवं नाव गेलं. २०१८ मध्ये एका सामन्याला फॅब्युलस मूला या जुन्या पैलवान बाईचं नाव दिलं, तेव्हा तिने आपल्या शिष्या मुलींना लुबाडल्याचे आरोप चाहत्यांनीच पुढे आणले आणि नाव बदलायला लावलं. आणि ७ एप्रिल २०१९ ला वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची शेवटची लढत पहिल्यांदा बायकांची झाली. बेकी लिंच जिंकली. मी पहाटे उठून बघितली. ज्या आईने ‘खोट्याला काय रडतीस’ म्हटलं होतं, तिने चहा करून दिला आणि शेजारी बसली. म्हणाली, “ह्या पोरी पडत्यात कशा गं, लागत नाही?” मी सांगितलं, लागतं. ती म्हणाली, “मग खोटं कसं?”

शेवटी कामाचं बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिने नुसता छंद मिरवला.

वस्तीत आमचा किशोरवयीन मुलामुलींचा गट आहे. पोरं ही कुस्ती बघतात आणि नक्कल करतात. ते धोक्याचं आहे. एकाचा खांदा निखळला होता, म्हणून मी तिथे कुस्ती खेळू देत नाही. पण मी त्यांना विचारलं, पैलवान हात का थापटतो? सगळ्यांना ठाऊक होतं. मग विचारलं, थापटल्यावरही सोडलं नाही तर? एक मुलगा म्हणाला, “मग ती कुस्ती न्हाई, ताई. मग ती मारामारी.” तिथून आम्ही घरांबद्दल बोललो. कुणाच्या घरात कोण थापटतं, कोण सोडत नाही. मी कितीही तक्ते लावले असते तरी ती चर्चा तशी झाली नसती. त्याच गटातल्या एका मुलीने मला मोबाइलवर कविता देवीची २०१७ सालची लढत दाखवली. हरयाणाची कविता, सलवार-कमीज घालून रिंगणात उतरलेली, डब्ल्यूडब्ल्यूईतली पहिली भारतीय स्त्री. ती त्या दिवशी हरली होती. मुलगी म्हणाली, “हरली तर काय झालं, उतरली तर खरी.”

म्हणून माझी विनंती एवढीच. मुली काय बघतात हे ऐकायच्या आधीच नाक मुरडू नका. त्यांना त्यात काय सापडतं ते विचारा. आणि कुठलीही बाई समोर येऊन ‘तेवढं काही लागलं नाही’ म्हणाली, तर तिचा हात बघा. कदाचित तो जमिनीवर थापटत असेल.

आजोबा आता नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं, तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, ती नुराच आहे. पण आपल्या गल्लीतली बंद दारामागची जी कुस्ती आपण सगळे ऐकून न ऐकल्यासारखी करत होतो, तिला तुम्ही कधी नुरा म्हणाला नाहीत, आणि मीही नाही.

मी अजूनही बघते. मंगळवारी सकाळी त्यांचा कार्यक्रम आपल्याकडे लागतो, तेव्हा मी एसटीत असते, म्हणून रात्री बघते. कुणाला सोबत यायचं असेल तर या. बदाम कुणी वाटायचे ते मात्र आधी ठरवू.